पित्ताशय काढल्यावर तिखट कधी खायचं? आधी तेल आणि मिरची वेगळी करून बघा

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. टाके कधी भिजवायचे, वजन किती दिवस उचलायचं नाही, जिने कधीपासून चढायचे. शेवटी मी विचारलं, "आणि तिखट?" ते कागदावर सही करता करता म्हणाले, "हळूहळू सुरू करा."

घरी पोचेपर्यंत त्या 'हळूहळू'चा अर्थ मला काही लागला नाही. आठवड्याने सुरू करायचं की महिन्याने? रोज चिमूटभर, की चार दिवसांतून एकदा नेहमीसारखं?

माझी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली होती. पोटावर चार छोटी छिद्रं, दुसऱ्या दिवशी घरी. पहिला आठवडा मऊ भात, सूप, उकडलेल्या भाज्या यावर गेला. बाराव्या दिवशी अंगात जरा जोर आला होता, तोंडाला मात्र अजिबात चव नव्हती, आणि त्या दिवशी घरात बटाट्याचे काप तळले होते. वर लाल तिखट भुरभुरलेलं. मी सात-आठ काप खाल्ले. पाऊण तास झाला नसेल, पोटात कळ आली आणि धावत संडास गाठावा लागला. संध्याकाळपर्यंत तीन वेळा.

दोष मी लगेच मिरचीला दिला. पुढचे तीन आठवडे तिखटाचा कणही तोंडात घातला नाही. जेवण म्हणजे औषध घेतल्यासारखं झालं होतं. चार घासांत हात थांबायचा, वजनही उतरलं. मग पुन्हा तपासणीला गेले आणि सगळा प्रकार सांगितला. डॉक्टरांनी एकच विचारलं, "काप तळलेले होते ना?"

तळलेले होते. आणि मी तीन आठवडे भलत्याच गोष्टीला दूर ठेवलं होतं. पित्ताशय काढल्यानंतर पोटाला जड जातं ते बहुतेकांच्या बाबतीत तेल, तूप, लोणी, साय, चरबी. तिखट आणि तेलकट एकाच घासात येतात म्हणून तेलाच्या चुकीची शिक्षा मिरचीला होते. हे नीट समजून घेतलं तर 'हळूहळू' म्हणजे काय हे आपोआप कळत जातं. म्हणून जरा मुळापासून सांगते.

'पित्त' या शब्दाचा घोळ

आपण मराठीत पित्त हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आले की 'पित्त झालं'. अंगावर लाल गांधी उठल्या, खाज सुटली की 'पित्त उठलं'. आणि यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा कडू रस, त्याचंही नाव पित्त. यातलं पहिलं असतं जठरातलं आम्ल. दुसऱ्यात बहुतेकदा ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया असते. पित्ताशयाचा संबंध फक्त तिसऱ्याशी.

शब्द एकच असल्यामुळे भेटायला येणारी माणसं दोन उलट टोकांचे सल्ले देतात. एक म्हणतो, "पित्ताची पिशवीच काढली, आता तुला पित्ताचा त्रास नाही, खा बिनधास्त." दुसरा म्हणतो, "तिखटाने पित्त खवळतं, आणि आता ते साठवायला जागा नाही, म्हणजे तिखट जन्मभर बंद." दोघंही मायेनेच बोलतात, पण दोघांचंही चुकतं. ज्याला आधीपासून आम्लाची जळजळ आहे त्याची ती पित्ताशय गेल्याने थांबत नाही. आणि मिरचीने यकृतातलं पित्त 'खवळत' नाही.

पिशवी काय करत होती

यकृत दिवसभरात साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. पित्ताशयात मावतं जेमतेम 30 ते 50 मिलिलिटर. एवढ्याशा पिशवीत एवढा रस कसा सांभाळला जातो? तर पित्ताशय त्यातलं पाणी शोषून घेतं आणि रस कित्येक पटींनी आटवून दाट करून ठेवतं.

आपण जेवलो, अन्नातला स्निग्ध भाग जठरातून लहान आतड्याच्या सुरुवातीला उतरला, की आतड्याचं अस्तर कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतं. त्याच्या इशाऱ्याने पित्ताशय आकसतं, नळीच्या तोंडाशी असलेली झडप सैल होते आणि दाट पित्ताची चिळकांडी अन्नावर पडते. तेलकट भांड्यावर नुसतं पाणी ओतलं तर तेल हलत नाही, साबण लावला की त्याचे बारीक थेंब होऊन सुटतं. पित्तातले क्षार नेमकं तेच करतात. तेलाचे बारीक थेंब झाले की पचवणाऱ्या विकरांना त्यांच्यावर काम करता येतं.

पिशवी काढल्यावर पित्त बनणं थांबत नाही. फक्त साठवण गेली. घरात वरची टाकी नसेल आणि नळाला बारीक धार असेल तर काय होतं ते आठवा. तांब्याभर पाणी कधीही मिळतं, पण एकदम चार बादल्या हव्या असतील तर अडतं. पोटाचंही तसंच. थोडं तेल थोड्या पित्तात सहज पचतं. एकदम मोठं तेलकट जेवण आलं की हाताशी असलेलं पित्त अपुरं पडू शकतं, न पचलेला स्निग्ध भाग पुढे सरकतो, आणि मग फुगारा, गुडगुड, चिकट किंवा पातळ शौच.

दुसरी अडचण याच्या नेमकी उलटी आहे. जेवण नसतानाही पित्त थेंब थेंब आतड्यात उतरतच राहतं. एरवी पित्तक्षारांचा सुमारे 95 टक्के भाग लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला पुन्हा शोषला जातो आणि रक्तातून यकृताकडे परत जातो. हा फेरा दिवसातून अनेकदा चालतो. शस्त्रक्रियेनंतर या फेऱ्याची लय बदलते, जास्तीचे पित्तक्षार मोठ्या आतड्यात पोचतात, ते आतडं जास्त पाणी सोडतं आणि वेगाने हलू लागतं. त्यातून जुलाब होतात, आणि ते अचानक, घाईने होतात. बहुतेकांचं शरीर काही आठवड्यांत या नव्या लयीला रुळतं. पुष्कळांची मुख्य पित्तनलिकाही काळाबरोबर थोडी रुंदावते.

पित्ताशयाशिवाय नीट जगता येतं का, ही शंका रात्री दोन वाजता मलाही छळून गेली आहे. जर्मन सर्जन कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये 15 जुलै 1882 रोजी माणसाचं पित्ताशय पहिल्यांदा काढलं. तेव्हापासून असंख्य माणसं त्याच्याशिवाय वर्षानुवर्षं जगली आहेत. घोड्याला तर जन्मतःच पित्ताशय नसतं, कबुतरालाही नसतं. घोडा दिवसभर थोडं थोडं चरत असतो हे मात्र लक्षात घेण्यासारखं आहे. आपल्यालाही पहिले काही महिने तसंच जमवायचं आहे: तीन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच लहान.

अन्न त्या जखमेवरून जातच नाही

'आतल्या टाक्यांना तिखट झोंबेल' ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. पण अन्नाचा रस्ता आहे अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं. पित्ताशय या रस्त्यावर नसतंच, ते बाजूला यकृताच्या खाली एका बारीक नळीने जोडलेलं असतं. शस्त्रक्रियेत ती नळी क्लिप लावून बंद करतात आणि पिशवी बाहेर काढतात. त्या जागेला अन्नाचा स्पर्श होत नाही, मिरचीचाही नाही.

मिरचीचा जखमेशी संबंध येतो तो वेगळ्याच वाटेने. कुणी मिरची भाजत असेल आणि खाट लागला तर जोरात ठसका लागतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत तो ठसका पोटावरच्या टाक्यांना असा काही हिसका देतो की डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा मिरच्या भाजत असतील त्या खोलीत थांबू नका. खोकला आलाच तर उशी पोटाशी घट्ट धरून खोका. मला हे दवाखान्यातल्या नर्सताईंनी शिकवलं आणि त्याचा फार उपयोग झाला.

मिरची पोटात नेमकं काय करते

मिरचीतला झोंबणारा पदार्थ म्हणजे कॅप्सेसिन. आपल्या चेतातंतूंवर टीआरपीव्ही-1 नावाचा एक संवेदक असतो. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता लागली की तो मेंदूला 'भाजतंय' असा निरोप धाडतो. कॅप्सेसिन याच संवेदकाला चिकटतं. म्हणजे मिरची खाल्ल्यावर जीभ भाजलेली नसते, भाजल्याचा निरोप तेवढा खराखुरा असतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हा संवेदक 1997 मध्ये शोधला आणि त्यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत मिळालं. मिऱ्यातलं पायपेरीनही याच संवेदकाला चेतवतं, फक्त पुष्कळ सौम्यपणे.

हे संवेदक जिभेवर असतात तसेच पचनमार्गात शेवटपर्यंत असतात. म्हणून तिखट जास्त झालं की आधी तोंड पोळतं, मग कधी छातीखाली जळजळतं, आतडी जरा वेगाने हलतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शौचाच्या वेळी पुन्हा आग होते. या सगळ्यात पित्ताशयाचं काम कुठेच नाही. मिरची पचवायला पित्ताची चिळकांडी लागत नाही.

पण म्हणून मिरची अगदीच निर्दोष, असंही मी म्हणणार नाही. शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे आतडी आधीच घाईत असतात. त्या घाईत तिखट पडलं की वेग आणखी वाढू शकतो. आणि वेग वाढला की कॅप्सेसिन आतड्यात कमी थांबतं, त्यातलं जास्त शेवटपर्यंत पोचतं. वरून पातळ शौचातलं पित्तही त्वचेला जाळतं. त्यामुळे या दिवसांत गुदद्वाराशी होणारी आग अंगावर काटा आणते. कोमट पाण्याने धुणं, घासण्याऐवजी टिपून घेणं, आणि साधं पेट्रोलियम जेलीचं बोट, एवढ्याने बराच आराम पडतो. हे कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणखी एक जुना समज बाजूला करायला हवा. तिखटाने पोटात अल्सर होत नाही. अल्सरची मुख्य कारणं दोन, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या. जंतूचं कारण शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. याचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे, कारण शस्त्रक्रियेनंतर याच गोळ्या पुष्कळांना दिल्या जातात. त्या जठराच्या अस्तराला त्रास देतात, आणि वर थोडं तिखट पडलं की जळजळ होते. गोळी चालू असताना जळजळ झाली, तर त्यावरून तिखट आपल्याला सोसत नाही असा कायमचा निष्कर्ष काढू नका.

तवंग

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून झणझणीत रस्सा थोडा वेळ तसाच ठेवला की वर लाल तवंग येतो, आणि सगळ्यात जास्त तिखट त्या तवंगातच असतं. आपण चमचा बुडवतो तो नेमका त्याच थरातून. म्हणजे एका घासात तिखट आणि तेल दोन्ही भरपूर. पोट बिघडलं की मिरचीचं नाव पुढे येतं, कारण जिभेला आठवते ती मिरची. तेलाची चव जिभेला तितकी टोचत नाही.

यातूनच एक सोपा उपाय निघतो. रस्सा दहा मिनिटं स्थिर ठेवा आणि पळीने वरचा तवंग अलगद काढून घ्या. तेलही कमी होतं आणि तिखटाची धारही उतरते, चव मात्र खाली शिल्लक राहते. आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवला तर त्यात चरबी किंवा तूप असल्यास ते गोठून वर साय धरतं, ते काढणं आणखी सोपं.

डॉक्टरांच्या त्या प्रश्नानंतर मी घरी दोन दिवस करून पाहिलं. पहिल्या दिवशी दुपारी उकडलेला बटाटा, मीठ आणि चहाच्या चमच्याचा आठवा भाग लाल तिखट. तेलाचा थेंब नाही. घड्याळ समोर ठेवून बसले होते. तोंड चांगलंच पोळलं, नाक वाहिलं, पण पोट गप्प. संध्याकाळीही काही नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. मध्ये तीन दिवस जाऊ दिले आणि मग तेच तळलेले काप खाल्ले, सात, नुसतं मीठ लावून. पन्नासाव्या मिनिटाला कळ आली. त्या दिवशी मला पटलं.

हे माझ्या पोटाचं उत्तर आहे. ज्यांना आधीपासून आम्लाची जळजळ आहे, किंवा ताण आला की पोट बिघडतं असा जुना त्रास आहे, त्यांच्या बाबतीत खरोखरच मिरचीही जबाबदार निघू शकते. म्हणूनच दोन्ही वेगवेगळ्या दिवशी करून बघायला सांगते.

सुरुवात कधी आणि कशी

तारखेवर जाऊ नका. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्यांना साधारण दोन आठवड्यांनी करून बघता येतं, पोट उघडून झाली असेल तर चार ते सहा आठवडे धरा. पण खरी परवानगी पोटाकडून घ्यायची. मळमळ पूर्ण गेली आहे, साधं जेवण तीन-चार दिवस त्रास न होता पचतंय, शौच बऱ्यापैकी बांधून होतंय आणि वेदनाशामक गोळ्या व प्रतिजैविकं संपली आहेत, अशी स्थिती आली की सुरू करा. प्रतिजैविकांनीही जुलाब होतात आणि काही वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं. त्या गोंधळात तिखट मिसळलं तर काय कशामुळे झालं हे कळायला मार्गच राहत नाही. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल, किंवा शस्त्रक्रिया गुंतागुंतीची झाली असेल, तर त्यांचंच ऐका.

पहिलं तिखट दुपारच्या जेवणात घ्या. रात्री नको, कारण आडवं झाल्यावर जळजळ वर चढते आणि झोपमोड होते. रिकाम्या पोटी नको, नुसत्या कडक चहा-कॉफीबरोबर तर नकोच, कॉफी स्वतःच आतडी हलवते. भात, उकडलेला बटाटा, मऊ शिजवलेली डाळ यांसारख्या मऊ, कमी तेलाच्या पदार्थात तिखट मिसळा. मात्रा एरवीच्या चौथ्या हिश्श्याएवढी. दोन-तीन दिवस तेवढीच ठेवा. त्रास नाही झाला तर थोडी वाढवा. आणि या काळात एका वेळी एकच गोष्ट बदला. नवीन तिखट, नवीन तेल आणि नवीन फळ एकाच दिवशी आणलं तर पोट काय सांगतंय ते तुम्हाला ऐकू येणार नाही.

तिखटातही पायऱ्या असतात. आलं आणि मिरपूड आधी, मिरची नंतर. मिरचीची पूड चमच्याने मोजता येते म्हणून सुरुवातीला तीच बरी. ओली मिरची घ्यायची तर तिच्या पोटातला पांढरा गाभा काढून टाका. तिखटपणा बियांत असतो असं आपण समजतो, पण कॅप्सेसिन बनतं त्या पांढऱ्या गाभ्यात, बियांना ते नुसतं लागलेलं असतं. ढोबळी मिरची तिखट नसतेच, तिला घाबरायचं कारण नाही. हळद, जिरं, धणे, वेलची, दालचिनी हे मसाले आहेत पण तिखट नाहीत. 'मसालेदार बंद' असं ऐकून मी हेही बंद केले होते, आणि त्यामुळे जेवणाची उरलीसुरली चवही घालवून बसले होते. कच्चा कांदा आणि कच्चा लसूण मात्र पुष्कळांना गॅस करतात, त्यांची पाळी शेवटी.

तोंड फार पोळलं तर पाण्याने भागत नाही, ते कॅप्सेसिनला नुसतं फिरवतं. दूध किंवा दही काम करतं, कारण त्यातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. इथे साय काढलेलंच घ्या, नाहीतर मिरचीवरच्या उपायातून स्निग्धच पोटात जाईल. दुधाने पोट बिघडत असेल तर दही.

तेलाचं गणित वेगळं मांडा. चहाच्या एका चमच्यात साधारण पाच ग्रॅम तेल बसतं. पहिल्या काही आठवड्यांत एका जेवणात एक चमचा, फार तर दीड, एवढ्यावर बहुतेकांचं ठीक चालतं. पाकीटबंद पदार्थ घेताना लेबल बघा. एका वाढपात तीन ग्रॅम किंवा त्याहून कमी स्निग्ध असेल तर तो सुरुवातीला चालण्यासारखा. पण तेल-तूप पूर्ण बंदही करू नका. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं शोषून घ्यायला थोडं स्निग्ध लागतंच, आणि आतड्यालाही ते पचवायचा सराव राहायला हवा.

एक छोटी वही ठेवा. काय खाल्लं, त्यात अंदाजे किती तेल, किती तिखट, किती वाजता, आणि पुढे काय झालं. माझ्या वहीत सतरा दिवसांच्या नोंदी आहेत. दहाव्या दिवसानंतर चित्र इतकं स्पष्ट झालं की पुढच्या नोंदी मी केवळ समाधानासाठी केल्या.

त्रास कधी होतो, त्यावरून ओळखायचं

वेळ आणि जागा बघितली की बरंच कळतं. खाल्ल्यावर लगेच किंवा अर्ध्या तासात छातीखाली जळजळ, आंबट ढेकर, तर आम्ल आणि तिखट यांची जोडी. मात्रा कमी करा, आंबट गोष्टी आणि रात्रीचं तिखट टाळा. जेवणानंतर तासाभरात फुगून येणं, कळ येणं, घाईने पातळ होणं, शौच चिकट किंवा तेलकट दिसणं, तर आधी तेलाकडे बोट दाखवा. पोट शांत, पण दुसऱ्या दिवशी शौचाच्या वेळी आग, तर ती मिरचीची.

काही न खाता पहाटे किंवा सकाळी पिवळसर पाण्यासारखे जुलाब होत असतील, तर तिथे ना मिरचीचा दोष ना तेलाचा. तो बहुधा थेंब थेंब उतरणाऱ्या पित्ताचा परिणाम. ओट्स, इसबगोल यांच्यातला विरघळणारा तंतू पित्तक्षारांना धरून ठेवतो, त्याने काहींना फरक पडतो. एकदम जास्त घेतला तर गॅस होतो, म्हणून थोडा थोडा वाढवा आणि बरोबर पाणी भरपूर प्या. हे महिनाभर चाललं तर मुकाट्याने सोसत बसू नका. कोलेस्टायरामिनसारखी पित्तक्षार बांधून ठेवणारी औषधं आहेत, डॉक्टर तपासून देतात. ती इतर औषधांनाही अडवतात, म्हणून कोणती गोळी किती अंतराने घ्यायची हे विचारून घ्या. वर्षानुवर्षं बाहेर जाताना आधी संडास कुठे आहे ते शोधणारी आणि 'पिशवी काढली की असंच असतं' असं समजून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी मला फार वाईट वाटतं, कारण यावर उपाय आहे.

काही लक्षणांचा जेवणाशी संबंध जोडत बसूच नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. डोळे किंवा त्वचा पिवळी होणं, लघवी गडद आणि शौच पांढुरकं होणं, 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, थंडी वाजणं, उजव्या बाजूला बरगड्यांखाली किंवा पाठीपर्यंत जाणारी न थांबणारी कळ, थांबत नाहीत अशा उलट्या, जखमेतून पू किंवा हिरवट-पिवळा रस येणं. पित्तनलिकेत एखादा खडा राहून गेलेला असू शकतो, किंवा पित्त आत गळत असू शकतं. शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, कारण नसताना वजन उतरणं, हेही दाखवावंच.

एका गोष्टीने मात्र दचकू नका. पहिलं तिखट पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त झोंबतं. मला वाटलं होतं की शस्त्रक्रियेने माझ्या पोटाचं काहीतरी कायमचं बिघडलं. खरं कारण साधं आहे. नेहमी तिखट खाणाऱ्याचे चेतातंतू कॅप्सेसिनला सरावलेले, थोडे बोथट झालेले असतात. तीन-चार आठवडे मिरची बंद ठेवली की ते पुन्हा तरतरीत होतात. थोडं थोडं सुरू केलं की काही आठवड्यांत सवय परत येते.

आता सात महिने झाले. रस्सा मी पूर्वीइतकाच तिखट करते आणि तवंग पळीने काढून घेते. तळलेले काप महिन्यातून एखाद्या दुपारी, लाल तिखट भुरभुरून, चार. परवा पाच खाल्ले आणि दोन तास घड्याळाकडे बघत बसले. काही झालं नाही.